तिघांपुरतं ओझं

सॅक पाठीला लावून ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि दिसलेल्या आकड्यातून स्वतःचे बावन्न किलो वजा केले. नऊ किलो दोनशे. नवऱ्याची सॅक भिंतीशी टेकून उभी होती, ती पावणेतेरा भरली होती. पाणी, दुधाची पावडर, औषधं, कोरडे कपडे, सगळं त्या दोन सॅकमध्ये बसलं होतं. आता फक्त कागदपत्रं राहिली होती.

"तुझ्या ओळखपत्राची झेरॉक्स कुठंय?"

"कामाच्या पाकिटात बघ. टेबलाच्या खणात," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. रविवारची भांडी तो घासत असे. "आणि इस्त्री पण घेतेस का बरोबर? तेवढीच राहिली."

ती हसली. खाली बसलेलं बाळ टॉर्चचा पट्टा चघळत होतं. पाच वर्षांची थोरली, जिला घरात सगळे मुंगी म्हणत, स्वतःच्या छोट्या दप्तराची चेन पुन्हापुन्हा उघडून आत सगळं आहे ना ते बघत होती.

तीन आठवड्यांपूर्वी, नवरा कामाला होता त्या खत कारखान्याचा भोंगा खरोखर वाजला होता. अमोनियाच्या टाकीवरचा एक जोड सुटला होता आणि अर्ध्या तासात गळती बंदही झाली होती. पण त्या अर्ध्या तासात ती काखेत एक मूल आणि हाताला एक मूल घेऊन जिन्यात उभी होती आणि वर जायचं की खाली, हे तिला सुचलं नव्हतं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काम केलेल्या बाईला सुचलं नव्हतं. नंतर घरोघरी एक यादी वाटण्यात आली. रेडिओ, शिट्टी, सुरी, मेणबत्ती. गॅस सुटल्यावर मेणबत्ती कशाला, हे यादीत लिहिलेलं नव्हतं, आणि दूध पिणाऱ्या मुलाचा तर उल्लेखच नव्हता. ज्याने ही यादी केली त्याने जन्मात लंगोट बदललेला नसणार, असं ती म्हणाली आणि स्वतःची यादी करायला बसली. नेहमीच्या वाऱ्याला गॅस घरापर्यंत यायला आठ मिनिटं. चौक ओलांडून वाऱ्याच्या आडव्या दिशेला लागायला चार. म्हणजे वरच्या मजल्यावरून फाटकापर्यंत पोचायला उरली चार.

पाकिटात झेरॉक्स होती. तिच्यामागे चौपदरी घडी केलेला एक कागद होता. आपत्कालीन पथक, असं वर छापलं होतं. भोंगा होताच, पाळी कोणतीही असो, सदस्याने मुख्य टाकीपाशी हजर व्हावे. खाली नवऱ्याची सही होती. तारीख बारा दिवसांपूर्वीची.

तिने कागद दोनदा वाचला. मग दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेली वही काढली. सरावाच्या नोंदी त्यात होत्या. पहिली, दोन मिनिटं पन्नास सेकंद. दुसरी, दोन पंचेचाळीस. पहिली नऊ दिवसांपूर्वीची होती. दोन्ही वेळा ती बाळ आणि सॅक घेऊन पुढे गेली होती आणि तो मुंगीला खांद्यावर टाकून मागून धडधडत उतरला होता.

ती स्वयंपाकघरात गेली आणि कागद ओट्यावर ठेवला. त्याने नळ बंद केला.

"सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी? भोंगा वाजल्यावर?"

"हळू बोल. पोरं आहेत."

"हळूच बोलतेय."

ती खरंच हळू बोलत होती. त्याने हात पुसले, परत पुसले.

"अगं, टाकीची ती जुनी झडप अडकते. तिला कसं फिरवायचं ते आमच्यात दोघांना माहीत आहे. दुसरा पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. मी नाही गेलो तर गॅस इथंच येणार ना? तुमच्यावरच. मी काय सहलीला चाललोय?"

हे बरोबर होतं. तिने टाकीचा आकार आणि वाऱ्याचा वेग मांडून पाहिलेला होता. झडप बंद करणारं कुणीतरी हवंच होतं, आणि ते तिला त्याच्याआधीच कळलेलं होतं. त्यामुळेच तिचे कान तापले.

"सहीबद्दल मी काही म्हणतेय का?"

"मग?"

"सही केल्यावर तू दोनदा तिला उचलून खाली नेलंस. मी घड्याळ लावून उभी होते. 'पाच सेकंद कमी झाले' म्हणून तुला टाळी दिली."



"आधी सांगितलं असतं तर करू दिली असतीस सही?" त्याने विचारलं.

"नसती दिली. भांडले असते. आणि भांडून झाल्यावर तिघांची तयारी केली असती. बारा दिवस मिळाले असते मला."

प्रयोगशाळेत चुकलेला आकडा पार खोडून टाकायचा नसतो. वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचं आणि सही करायची. तिने दोन्ही नोंदींवर एकेक रेघ मारली, कारणाच्या जागी 'माणूस जास्त मोजला' असं लिहिलं आणि वही व पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं. मग ओल्या हाताने सही केली.

बाहेरच्या खोलीत येऊन तिने दोन्ही सॅक जमिनीवर उलट्या केल्या. मुंगी दचकून मागे सरली. बाळ साडेआठ किलोचं होतं आणि ते पोटाशी बांधायचं होतं. एक हात मुंगीसाठी मोकळा हवा. पाठीवर सहा किलोच्या वर काही चालणार नव्हतं. सगळं मिळून बावीस किलो होतं.

त्याचे कपडे, त्याचा जादा चष्मा, त्याचे बूट तिने एका बाजूला ढकलले. ते सोपं होतं. मग पाण्याच्या चार बाटल्यांतल्या दोन काढल्या आणि एक पुन्हा आत घातली. स्वतःची शाल काढली. तो उंबऱ्यात उभा होता.

"मी काही धरू का?"

"नको."

"चादर तरी—"

"तू इथं नाहीस," ती म्हणाली. "त्या खुर्चीत बस. दाराशेजारच्या. उठायचं नाही."

तो बसला. मोठा माणूस शिक्षकाने बसवल्यासारखा बसला होता, आणि ते मुंगीला गमतीचं वाटलं.

"बाबा, तुला शिक्षा झाली?"

"हो गं," तो म्हणाला.

तिने बाळाला बांधलं, टॉवेल भिजवून तिघांच्या तोंडावर घेतले आणि घड्याळाचं बटण दाबलं. एक मजला उतरल्यावर लक्षात आलं की मागे पावलं नाहीत. ती परत चढली. मुंगी दारात उभी होती, ओल्या टॉवेलच्या वर फक्त डोळे, आणि दोन्ही हात खुर्चीच्या दिशेने वर केलेले. दारात थांबायचं, बाबा उचलतात. हे तिनेच शिकवलं होतं.

तिने मुलीला दंडाला धरून ओढलं. तळमजल्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

"काय वहिनी, आज पुन्हा मोहीम? आणि साहेब रुसले वाटतं?"

"ते नाहीत," ती म्हणाली.

फाटकापाशी घड्याळ पाच मिनिटं वीस सेकंद दाखवत होतं.

वर येऊन ती खुर्चीपुढे उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"तूच सांग तिला. माझं ती ऐकणार नाही."

त्याने मुंगीला जवळ घेतलं नाही. हात गुडघ्यांवर ठेवूनच तो म्हणाला, "मुंगे, भोंगा झाला की बाबांसाठी थांबायचं नाही. आईच्या मागे जायचं. सरळ."

"तू दिसत असलास तरी?"

"दिसलो तरी."

"आणि तू हाक मारलीस तर?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती घड्याळ शून्यावर आणत होती आणि बटण दोनदा दाबूनही शून्य येत नव्हतं.

"तरी नाही," तो म्हणाला.

"मग तू कशाला हाक मारशील?"

"नाही मारणार."

दुसऱ्या वेळी मुंगी दारात घुटमळली, पण आली. चार मिनिटं दहा. वर येऊन आईने ओझं कमी करायला सॅकमधला रेडिओ काढून टेबलावर ठेवला.

तिसऱ्या वेळी दार ओलांडताना मुंगीच्या दप्तराचा पट्टा कडीत अडकला. पोर मागे खेचली गेली आणि गुडघ्यावर पडली. खुर्चीतून त्याचा हात आपसूक पुढे आला. पहिल्या पायरीवरून वळून तिने ते पाहिलं. मुंगीनेही हात पाहिला. तिने खांदा तिरका करून पट्टा सोडवला, हाताला वळसा घातला, जसा वाटेत ठेवलेल्या बादलीला घालतात, आणि कठडा धरून उतरू लागली. मागे पाहिलं नाही.

 या वेळी शिंप्याने वाटेतलं स्टूल पायाने आत ओढून घेतलं.

फाटकाशी बटण दाबलं तेव्हा तीन मिनिटं पस्तीस सेकंद झाले होते. बाळ तिच्या छातीवर झोपून गेलं होतं.

"बरोबर केलं ना मी?" टॉवेल खाली ओढत मुंगीने विचारलं. तिचा गुडघा सोललेला होता.

"अगदी बरोबर."

ती तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर टेकली. चार मिनिटांच्या आत आलं होतं. हेच तिला हवं होतं. तिच्या हनुवटीला काहीतरी होत होतं, म्हणून तिने ती बाळाच्या टाळूवर दाबून धरली.

वर दार उघडंच होतं. तो खुर्चीत होता. तिने वही काढून आकडा लिहिला, तारीख घातली.

"किती?" त्याने विचारलं.

"तीन पस्तीस."

त्याने मान हलवली. 

"उठू का आता?"

तिने घड्याळ शून्यावर आणलं. मुंगी न सांगता आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली होती आणि टॉवेल नाकावर चढवत होती.

"अजून एकदा," ती म्हणाली.

त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.