तबकडी दिसेनाशी होईपर्यंत

कप्तानांनी तीन वर्षांत आमच्या सागर-संशोधन संस्थेला पाच पत्रं पाठवली होती. सुबक अक्षरात, दर वेळी तीच तक्रार: समुद्राचं पाणी गढूळ होत चाललंय, कोणी लक्ष देईल का? शेवटी माझ्या वरिष्ठ मॅडम मला घेऊन त्यांच्याच शिडाच्या नावेवर आल्या. पदवीनंतरची माझी ही पहिली सफर.

सकाळपासून कप्तानांचा तोच पाढा चालू होता. "आधी तळाचा दगड न् दगड दिसायचा. आता बघा, नुसतं धुकं!"

मला पाणी निळंशार वाटत होतं. पण वाटण्यावर जायचं नाही, मोजायचं, हे मॅडमनी पढवलेलं.

शिडं त्यांची मुलगी सांभाळत होती. वाटेची खूण म्हणून सोडलेला तरंगता पिंप दिसला की ओरडायची, "बाबा, लाल बोया डावीकडे."

"दिसतोय गं! तुझ्या जन्माआधीपासून दिसतोय."

बापलेकीची थट्टा, म्हणून मी हसले.

दुपारी खडकांच्या रांगेबाहेर नांगर टाकला. पांढरी तबकडी मोजखुणांच्या दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहायची. प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर, न बोलता. नाहीतर दुसऱ्याचा आकडा ऐकून आपल्यालाही तेवढंच दिसतं.

"कप्तान, तुम्हीही बघा ना," मीच म्हटलं. "हे पाणी तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

"त्यांना कशाला?" मुलगी पटकन म्हणाली. "बसू दे सुकाणूपाशी."

"गप गं. तक्रार माझी आहे."

मी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. मॅडम, अकरा मीटर. मी, साडेदहा. मुलगी, अकरा. चौथ्या चिठ्ठीवर कागद भरून एकच आकडा होता. दोन.

"तबकडी बुडाली आणि गेली," कप्तान म्हणाले. "खोटं कशाला लिहू?"

त्यांनी मॅडमकडे तोंड वळवलं. "म्हणजे पाणी चांगलं आहे?"

"फार चांगलं आहे."

त्यांनी कठडा धरला. "मग माझा आकडा खोडा."

आमच्या नोंदींत खोडायचं तर एकच रेघ मारतात, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. मी पेन्सिल टेकवली.

"खोडू नका," मुलगी म्हणाली. "राहू दे. दोन वर्षं बोये ओरडतेय मी, बाबा. घसा गेला माझा."

"माझी पत्रं तूच लिहायचीस ना?"

"हो."

"पाणी गढूळ झालंय म्हणून?"

"तुम्ही सांगायचात, मी लिहायचे. दुसरं काय लिहिणार होते?"

परतताना खडकांमधली अरुंद वाट होती. नांगर वर आला तेव्हा, कोणी न सांगताच, कप्तान सुकाणू सोडून उठले. दोरखंड चाचपत डोलकाठीपर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. सुकाणू मुलीने धरलं.

वाटेच्या तोंडाशी ती सवयीने ओरडली, "बाबा, लाल बोया डावीकडे."

मग तिनेच सुकाणू वळवलं.