टाकी दिसते का

सुनेने बाहीने खिडकीची काच पुसली, मग पुन्हा पुसली. धुरकटपणा काचेवर नव्हता, काचेपलीकडे होता, हे माहीत असूनही तिसऱ्यांदा पुसली. धावपट्टीच्या कडेचं झाड दिसत होतं. त्यामागचं कोठार अर्धवट. त्याच्याही पुढे पाण्याची उंच टाकी असायला हवी होती. तिथे नुसतं पांढरं होतं.

"दिसते का टाकी?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे आजही विमान नाही."

सुनेने वहीत तशी नोंद केली. या लहानशा विमानतळावर हवामानाची नोंद ठेवायचं काम तिचं होतं, आणि कचेरीला लागूनच तिला राहायला दोन खोल्या होत्या. दर तासाला बाहेर जायचं, तापमापक वाचायचे, झाड, कोठार, टाकी यांतलं काय काय दिसतं ते पाहायचं आणि दूरच्या मोठ्या विमानतळाला फोनवर सांगायचं. टाकी दिसली तर विमान उतरणार, नाहीतर नाही. फोनवरचा माणूस थट्टेखोर होता. ताई, तुमच्याकडे आकाश आहे की ओलं पांघरूण, असं तो रोज विचारायचा.

सासूबाई दोन दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, नातीला, चिमणीला, घेऊन जायला. मुलगा गेल्याला वर्ष झालं होतं. या आडबाजूला पोरीच्या शाळेचं काय, आणि घड्याळाला बांधलेली एकटी आई तिच्याकडे बघणार तरी कधी, असं त्या फोनवर पुन्हा पुन्हा म्हणायच्या. एका थकलेल्या संध्याकाळी सून 'बरं' म्हणून गेली. दिलेला शब्द मागे घ्यायची तिला सवय नव्हती. चिमणीची बॅग भरून दाराशी ठेवली गेली, आणि त्याच रात्री ढग खाली उतरून बसले ते हलेनात.

झिमझिम थांबत नव्हती आणि धड पाऊसही पडत नव्हता. मिठाचे खडे झाले. काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागली. बॅगेतल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला, तेव्हा सासूबाईंनीच एक फ्रॉक बाहेर काढून दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशी स्वेटर, मग मोजे. बॅगेचं पोट हळूहळू खपाटीला जाऊ लागलं.

"हे हलत का नाही गं?" एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं.

सुनेने सांगितलं, एकीकडून गार हवा आलीय, दुसरीकडून उबदार. दोघींचा जोर सारखाच. कुणी कुणाला रेटू शकत नाही. त्यांच्या मधली रेघ, म्हणजे आघाडी, अशी जागच्या जागी उभी राहिली, की तिच्याखाली हे असं धुकं, ओल आणि रिपरिप.

"एका ओट्यावर दोन जावा," सासूबाई म्हणाल्या. "भांडण दोघींचं, धूर घरभर."

सून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, हे दोघींनाही जाणवलं.

"मग शेवटी हरतं कोण?"

"कधी एक सरकते. कधी कुणीच हरत नाही, आई. एकमेकींत मिसळत जातात, आणि मधली रेघच राहत नाही."

सासूबाईंनी हातातल्या शेंगेचा दोरा काढला आणि बराच वेळ बोटाला गुंडाळत राहिल्या.

पुढच्या पहाटे त्यांना जाग आली तेव्हा शेजारी नात नव्हती. दार ढकललेलं होतं. बाहेर मायलेकी एकाच छत्रीखाली उभ्या होत्या. चिमणीचे अनवाणी पाय आईच्या बुटांवर होते, जमीन ओली म्हणून. "झाड," चिमणी म्हणत होती. "कोठार नाही. टाकी नाही." आई तिच्या डोक्यावरून वाकून तापमापक वाचत होती आणि आकडा तिला मोठ्याने म्हणायला लावत होती. सासूबाई तशाच मागे फिरल्या. रोजच्या प्रार्थनेला बसायच्या आधी त्यांनी तिघींसाठी दूध तापत ठेवलं.

त्या दिवशी दुपारी वारा फिरला. सून बाहेर गेली आणि लवकर परत येईना, म्हणून सासूबाई दारात आल्या. कोठाराची कौलं दिसत होती. त्यांच्या मागे पांढऱ्यातून आधी टाकीचं डोकं वर आलं, मग खांब, मग शिडी. सून हात जोडल्यासारखी बोटांत बोटं अडकवून उभी होती. पडताळून पाहणारं तिथे कुणी नव्हतं.

ती आत आली आणि तिने फोन उचलला.

"टाकी दिसतेय," ती म्हणाली. "शिडीसकट."

पलीकडून आनंदाचं काहीतरी ऐकू आलं. संध्याकाळच्या आत विमान येणार होतं. तिने फोन ठेवला, दोरीवरचा फ्रॉक काढला आणि घडी घालू लागली. घडी नीट बसेना.

"विरळ आहे, नक्की सांगता येत नाही, असं म्हणाली असतीस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "कोण बघायला येणार होतं?"

"कुणीतरी घरी यायला खोळंबलं असेल त्या विमानासाठी," सून म्हणाली. मान वर न करता तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली.

सासूबाईंनी तिच्या हातातून फ्रॉक घेतला. चिमणी आईच्या कडेला चिकटून उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीशी गेल्या. बाहेर ऊन पडलं होतं आणि टाकी धुऊन ठेवल्यासारखी लख्ख होती. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा न घालता डबीत ठेवून डबीचं झाकण लावलं.

"मला तर काही टाकी दिसत नाही बाई," त्या म्हणाल्या.

"आजी, ती काय समोर!"

"तुमच्या डोळ्यांचं तुम्ही सांगा. माझ्या डोळ्यांचं मी सांगतेय." त्यांनी फ्रॉक पुन्हा दोरीवर टाकला आणि त्याच्या बाह्या सारख्या केल्या.

फोन वाजला. ताई, तुमच्या माणसांच्या दोन जागा राखून ठेवल्यात, असं तो माणूस सांगत होता. सुनेने दोरीकडे पाहिलं, मग त्या मिटलेल्या डबीकडे.

"त्या जागा दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली.

"का हो? आत्ताच तर शिडीसकट दिसतेय म्हणालात."

"मला दिसतेय," सून म्हणाली. "आमच्या आईंना अजून दिसत नाहीये."