बर्फाचं नाव

पाठीवर गरम पाण्याचा डबा आणि हातात झारीच्या तोंडाची नळी घेऊन आर्लीन पेनर बर्फावरून उलट्या पावलांनी मागे येत होती. हात डावीकडे, हात उजवीकडे. थेंब पडल्या जागी गोठून बारीक दाणे होत होते. त्या दाण्यांवरूनच कर्लिंग या खेळातला अठरा-वीस किलोचा दगड पलीकडच्या टोकापर्यंत घसरत जातो. ती खेळाच्या अर्ध्या पट्टीवर आली तेव्हा काचेमागून पोस्टातल्या हेल्गाने हात हलवला. आर्लीन थांबली, हसली, ओठांनीच ‘बरी आहेस ना?’ असं विचारून पुन्हा चालू लागली.

एल्मर डिक कडेला खुर्चीवर बसला होता. एक्केचाळीस वर्षं क्लबचा बर्फ त्यानेच राखला होता. गेल्या आठवड्यात शिडीवरून पडला आणि उजवा हात झोळीत आला. त्याची जागा घ्यायला गावात कुणी तयार होईना, म्हणून त्याने आर्लीनला गाठलं होतं.

"झालं वाटोळं," तो म्हणाला.

"दोन सेकंद तर थांबले मी."

"तू थांबलीस. पाणी थांबलं होतं का?"

तिथे बर्फाला टेंगूळ आलं. त्या मंगळवारच्या संध्याकाळी पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक दगड तिथे येऊन बिचकला. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण या गावात जन्मली असती तर अंगणाच्या जागी बर्फच असता. हरणारा माणूस इथे पहिलं नाव बर्फाचं काढतो. त्या दिवशी तर जिंकणारेही काढत होते. आर्लीन क्लबच्या स्वयंपाकघरात सँडविच कापत सगळं ऐकत होती. तिला फार लाज वाटली.

सवयच नडली होती. एकोणतीस वर्षं ती बियाणं कंपनीच्या दारातल्या टेबलावर बसली. कुणी आलं की मान वर, चेहऱ्यावर हसू. ऑक्टोबरात कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं, पण मान काही ऐकेना. मुलीने, ट्रिशने, विनिपेग शहरात दातांच्या एका डॉक्टरांकडे तसंच टेबलाचं काम तिच्यासाठी बघून ठेवलं होतं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायचं होतं. शिवाय आयुष्याला दिशा देणारी एक वहीही पाठवली होती. पहिलाच प्रश्न, कोणतं काम करताना तुम्ही स्वतःला विसरता? आर्लीनने ‘विणकाम’ लिहिलं आणि खोडलं. विणताना ती दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायची.

बुधवारी सकाळी ती एल्मरला सांगायला आली की शुक्रवारच्या बायकांच्या स्पर्धेला दुसरं कुणी बघा. आठ संघ येणार, त्यांच्यासमोर शोभा नको.

"दुसरं कोण आहे?" एल्मर म्हणाला. "तुझा हात चांगला आहे. मान वाईट आहे, सारखी वर होते."

"आणि जमलं हे कळायचं कसं? लोक काय म्हणतात तेव्हा?"

"काहीच म्हणत नाहीत. एक्केचाळीस वर्षांत माझं एकदाही कुणी कौतुक केलेलं नाही. देवाची कृपा."

ते दोन दिवस ती रिकाम्या बर्फावर चालत राहिली. पट्टीच्या टोकाला पोचायची, खरवडून टाकायची, परत सुरुवात. शुक्रवारी सकाळी साडेसातला तिने डबा पाठीवर घेतला. चारही पट्ट्या आटोपून वर बघितलं तेव्हा काचेमागे आठही संघ उभे होते. ते कधी आले, तिला पत्ता नव्हता.

पहिली फेरी अकराला संपली. रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला घेऊन दिलं आणि सगळ्या एका लांब टेबलाभोवती बसल्या. आर्लीन सूपचे वाडगे मांडत कान देऊन उभी होती. कुणाचा गुडघा, कुणाच्या नातीचं लग्न, हमरस्त्यावर उलटलेला ट्रक. अखेर हरलेल्या एका संघाची कप्तान बोलली. आडनावाने रेम्पेल, तालुक्याभरातल्या बर्फांना नावं ठेवण्यात तिचा हात कुणी धरत नसे.

"आज मीच गाढवासारखी खेळले," ती म्हणाली आणि सूपमध्ये पाव बुडवला.

आर्लीनने हातातला वाडगा खाली ठेवला. तिला रडू येत होतं आणि ती तोंड फिरवून उगाच चमचे पुसत राहिली. एल्मर कॉफी घ्यायला आला. कॉफी पाणचट आहे म्हणाला आणि गेला.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना तिला फोनची आठवण झाली. तो दाराजवळ टांगलेल्या कोटाच्या खिशात होता, आवाज पूर्ण मोठा केलेला. ट्रिशचे तीन फोन येऊन गेले होते: सात चाळीस, सात पंचेचाळीस, आठ. तोच कोट घालून ती तेव्हा बर्फावर होती. तिने आकडे पुन्हा वाचले आणि फोन लावला.

"आई, होतीस कुठे? डॉक्टर विचारतायत. काय सांगू त्यांना?"

"नाही म्हणून सांग. आणि माझ्यातर्फे आभार मान त्यांचे."

"अगं, असं अचानक? काय झालं? तुला कुणी काही बोललं का तिथे?"

आर्लीनने काचेतून बर्फाकडे पाहिलं. एक वाजताच्या फेरीआधी पुन्हा दाणे पाडायला हवे होते.

"नाही गं," ती म्हणाली. "कुणी एक शब्दसुद्धा बोललं नाही."

मग तिने फोन ठेवला आणि पाणी तापवायला ठेवलं.