नाव घेते

रविवारच्या पुरवणीत आम्हा नेपाळ्यांबद्दल जे छापून येतं, ते सोमवारी सकाळी आम्हाला लागू होतं. आमच्या सोसायटीतल्या केळुसकर काकांनी आपल्या सदरात ‘ही माणसं कमालीची काटक’ असं लिहिलं, तेव्हापासून गेटवर वॉचमन असलेल्या माझ्या बाला ताप यायचा बंद झाला. नुसताच वाळत गेला. ‘सदा हसतमुख’ लिहिलं, तेव्हापासून आईच्या तोंडावरचं हसू जात नाही. झोपेतही नाही.

मागच्या रविवारी लिहिलं, ‘खरं नाव कुणाला ठाऊक? आपल्यासाठी सगळे बहादूरच!’ सोमवारी बाच्या आधार कार्डावर बहादूर. रेशन कार्डावर बहादूर. माझ्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा. मी त्याची सख्खी मुलगी, आणि मेलं खरं नाव मलाच आठवेना. मंगळवारी बा गेला.

मी तडक काकांच्या फ्लॅटवर गेले. ‘काका, बाचं नाव परत द्या. निधनवार्तेत घालायचंय.’

‘अगं पवित्रा, प्रेमानं लिहिलंय मी. घरच्यासारखा होता तो.’

‘मग नाव काय त्याचं?’

काका चष्मा पुसत बसले. वीस वर्षं या माणसानं बाकडून गेट उघडून घेतलं.

पेपरच्या कचेरीत काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ‘मयताचं नाव?’ मी आईकडे बघितलं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. आईनं ते आयुष्यात एकाच ठिकाणी घेतलं होतं, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, उखाण्यात. तो कुठे छापलेला नव्हता. म्हणजे तिथं ते शाबूत असणार!

‘आई, उखाणा घे.’

‘आता कसा घेऊ गं?’ ती मोकळ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली. हसतच होती.

‘घे ना. माझ्यासाठी.’

आईनं पदर सावरला. रांगेतली माणसं वळून बघू लागली.

‘हिमालयाच्या माथ्यावर निळं निळं अंबर,
सोसायटीच्या गेटवर उभे माझे...’

ती थांबली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, ओठ तसेच ताणलेले. बाईंनी पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं.

‘बहादूर,’ आई म्हणाली.

‘जुळत नाही हो,’ बाई म्हणाल्या, आणि लिहून घेतलं.