खिडकीबाहेरची परांची

नेत्रा घरतच्या घराभोवती परांची उभी राहून अकरा दिवस झाले होते, आणि त्यातले शेवटचे पाच दिवस त्या बांबूंवर एकही माणूस चढला नव्हता. निदान नेत्राची तशी समजूत होती.

चौलच्या रस्त्यापासून आत, सुपारीच्या वाडीत त्यांचं दुमजली घर. नवरा प्रज्योत मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. अर्धांगाचा झटका आल्यापासून सासरे, आबा, खालच्या खोलीत पडून. आणि मुलगी अमिषा, बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली. नेत्रा रेवदंड्याला एका डॉक्टरांकडे औषधं द्यायचं काम करी. सकाळी नऊला स्कूटर काढायची ती दोनला परत. पावसाच्या आत घराला बाहेरून रंग देऊन घ्यायचा, एवढंच यंदा ठरलं होतं.

काम हिरामणला दिलं. आसपासच्या चार गावांतली निम्मी घरं त्याच्याच हातची. माणूस अंगाने दणकट, बोलायला मऊ. दर वाक्याला ‘वहिनी’ म्हणणारा.

पश्चिमेच्या भिंतीला खार फुटली होती. बोट लावलं की गिलाव्याचा पांढरा भुगा पडायचा. ती सगळी खरवडायची, भिंत धुवायची, वाळू द्यायची आणि मगच रंग, असं हिरामणनेच आधी सांगितलं होतं. सहाव्या दिवशी नेत्रा लवकर घरी आली तर माणसं त्या खारेवरच रंगाचे रोलर फिरवत होती. तिने काम थांबवलं. तासाभरात हिरामण आला.

“वहिनी, हा नवीन रंग हाय. याला खरवडायला लागत न्हाय.”

“डब्यावर तर उलटं लिहिलंय. वाचून दाखवू?”

“डब्यावर काय, कायबी लिवतात.”

“तुम्ही मला फसवताय, हिरामणभाऊ,” नेत्रा म्हणाली. सहा कामगार ऐकत होते. एक जण हसला.

हिरामणने त्या हसणाऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आवाज जराही चढला नाही. “चला रे,” तो माणसांना म्हणाला. “वहिनींना काम पसंत न्हाय.”

“आणि ही परांची?”

“ती माझी हाय. काम पुरं झालं की सुटंल. कुणाला हात लावू देऊ नका. बांबू कुणाच्या डोक्यात पडला तर तुमच्यावर येईल.”

ते निघून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की वरच्या खिडक्यांचे ग्रिलही त्याच्याच शेडमध्ये आहेत. रंगवायला म्हणून काढून नेले होते. खिडक्या उघड्या, आणि खिडकीच्या उंबऱ्याला लागून फळ्या.

पहिले दोन दिवस ती नुसती चिडलेली होती. भीती तिसऱ्या दिवशी आली. दुपारी ती कपडे ठेवायला अमिषाच्या खोलीत गेली, तर खिडकीखालच्या फरशीवर पांढऱ्या भुग्यात उमटलेलं अनवाणी पाऊल. टाच खिडकीकडे, बोटं खोलीकडे.

“अमिषा, वर कुणी आलं होतं?”

“नाही गं,” खालून मुलीचा आवाज आला. “कोण येणार?”

नेत्राने फडकं घेऊन ते पाऊल पुसून टाकलं, आणि पुसल्यावर वाटलं, फोटो काढायला हवा होता. तिने हिरामणला फोन लावला.

“माझा माणूस न्हाय, वहिनी.”

“मग कोण? तुमची परांची आजच्या आज काढा. नाहीतर मी पोलिसांत जाईन.”

“जा ना.” तो तितक्याच मऊपणाने म्हणाला. “पण तुम्ही चौकीवर बसणार, तवर घरी कोण? पोरगी एकटीच असते ना दोनपर्यंत. आबांना तर उठता येत न्हाय.”

“तुम्हाला काय माहीत ती एकटी असते ते?”

“माणसं आठवडाभर तिथं व्हती, वहिनी. समदं दिसतं.”

यात धमकी होती की नव्हती, हे ती रात्रभर ठरवत राहिली. शब्द साधेच होते. कुणाला सांगितले असते तर हिरामण म्हणाला असता, वहिनी, मी तर काळजीनं बोललो. पोलिसांत ती गेली नाही. प्रज्योतचा फोन आला तेव्हा आवाज तुटत होता. ती म्हणाली, सगळं ठीक आहे.

अमिषाचं अंथरूण तिने खाली आणलं. वरच्या खिडकीला टेबल लावलं, टेबलावर जुनी शिलाई मशीन चढवली. मुलीला म्हणाली, नागावला मावशीकडे जा चार दिवस. अमिषा भडकली. “मी काय लहान आहे? कुणी येत नाहीये, आई. तू उगाच घाबरतेस.” आपण कशाला घाबरतोय हे मुलीला नीट सांगायचं, म्हणजे ते तोंडाने उच्चारायचं, आणि ते नेत्राला जमेना.

शेजारच्या रंगूकाकीने कुंपणावरून सांगितलं, “काल तू गेल्यावर आलावता तो हिरामण. टेंपो घेऊन. मावळतीच्या अंगाला कायतरी सोडत व्हता, चार बांबू नेले.” म्हणजे आपण घराबाहेर पडतो कधी, यावर त्याची नजर आहे. नेत्राने एवढाच अर्थ काढला. बांबू कुठले नेले, हे बघायला त्या बाजूला जाण्याची तिची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने एका म्हाताऱ्याला रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी मधुमेहाच्या गोळ्या दिल्या. म्हाताऱ्यानेच पाकीट ओळखून परत आणलं. डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, “नेत्राताई, आज घरी जा.”

साडेअकराला ती वाडीत शिरली तर दारात हिरामणची मोटारसायकल. तो अंगणात उभा होता, एकटाच. तिने स्कूटर स्टँडवर घ्यायच्या आत तो पुढे आला.

“वहिनी, बोलाया आलो. असं किती दिवस—”

पण नेत्रा त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्यावरून तिला पश्चिमेच्या कोपऱ्यात, वरच्या फळीवर, अमिषा दिसत होती. अनवाणी. कानात इअरफोन, हातात मोबाईल उंच धरलेला. त्या दिवशीचं पाऊल कुणाचं, ते नेत्राला तत्क्षणी कळलं. सुटल्यासारखं वाटलं, ते जेमतेम एक श्वासभर. कारण हिरामणने मागे वळून वर पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

“तिकडच्या दोऱ्या सोडल्यात,” तो पुटपुटला. “त्या फळीखाली आडवा बांबूच न्हाय.”

“अमिषा!” नेत्रा किंचाळली. मुलीला ऐकू गेलं नाही. तिने कोपऱ्याकडे आणखी एक पाऊल टाकलं, आणि फळीचं टोक खाली गेलं. मोबाईल सुपारीच्या आळ्यात येऊन पडला. अमिषाने उभ्या बांबूला मिठी मारली, आणि अख्खी परांची करकरत भिंतीपासून वीतभर सुटली.

“हा धरा!” हिरामणने नेत्राला खेचून त्याच बांबूच्या बुंध्याशी उभं केलं. “छातीशी धरा. कायबी झालं तरी सोडू नका.” आणि तो पलीकडच्या बाजूने वर चढला.

नेत्राने बांबू कवटाळला. गाल बांबूला टेकला होता, वरून गिलाव्याचा भुगा डोळ्यांत पडत होता. वर बघता येईना. बांबू तिच्या हातांत हलत होता. ऐकू फक्त येत होतं. मुलीचं हुंदके देणं. हिरामणचा आवाज, “पोरी, खाली बघू नको. बस. आधी बस. आता माझ्याकडं सरक, बसल्या बसल्या.” मग काहीच नाही. मग दोरी ताणल्याचा आवाज. आतून आबांची हाक आली, “नेत्रा, आलीस का? पाणी दे गं,” आणि तिला ओ देता आली नाही. तोंड उघडलं तर हातातली पकड जाईल, असं तिला वाटत होतं.

एक फळी तिच्या पाठीमागे दोन हातांवर आदळली. तिने डोळे घट्ट मिटले. ती फळीच होती, एवढं समजायलाही तिला वेळ लागला.

मग वर खोलीत शिलाई मशीन धाडकन कोसळली, आणि अमिषा खोलीच्या आतून ओरडली, “आई! आई, मी आत आहे!”

तरी नेत्राने बांबू सोडला नाही. हिरामणने खाली येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.

तो पायरीवर बसला. पाणी मागितलं. नेत्राने आधी आबांना दिलं, मग त्याला आणून दिलं.

“नागावच्या कामाला बांबू कमी पडले व्हते,” तो म्हणाला. “म्हणून नेले.”

“आम्हाला सांगितलं नाहीत.”

“वर कोण जातंय, असं वाटलं.”

“परांची तुम्ही आम्हाला भीती घालायला ठेवलीत.”

त्याने तांब्या पायरीवर ठेवला. “व्हय,” म्हणाला. “दोन दिसांत तुम्ही फोन करून बोलवाल असं वाटलं. गावभर झालं व्हतं ना, हिरामण फसवतो म्हणून.” मग म्हणाला, “भिंत मी खरवडून देतो, वहिनी. माझ्या हातानं.”

“नको,” नेत्रा म्हणाली. “बांबू काढा, ग्रिल लावा, आणि परत या घरी येऊ नका.”

चारपर्यंत सगळे बांबू उतरले. ग्रिल त्याने स्वतः बसवले. त्याने तिची मुलगी वाचवली होती, आणि मुलीच्या पायाखालचा बांबूही त्यानेच काढला होता. यातलं कुठलं आधी मोजायचं, हे नेत्राला ठरवता आलं नाही.

संध्याकाळी अमिषा सुई घेऊन आईच्या तळहातांतली कुसळं काढत बसली. “घरात रेंज मिळत नाही,” ती खालच्या मानेने म्हणाली. “त्या कोपऱ्यात चांगली यायची. वाराही असायचा. तू गेलीस की रोज जायचे मी, टेबल सरकवून. तुला सांगितलं असतं तर ओरडली असतीस.” नेत्राला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. पण हात मुलीच्या मांडीवर होते.

पावसाळ्यात पश्चिमेच्या खोलीत ओल आली. कपाट दुसरीकडे हलवावं लागलं. प्रज्योत फोनवर म्हणाला, दुसरा कुणी बघ की. नेत्रा दर वेळी ‘बघते’ म्हणायची.

गणपतीनंतर एकदा रेवदंड्याच्या बाजारात ती कोळणीला पैसे देत होती, तेव्हा हिरामण समोर आला. तिच्यापासून दोन पावलांवर थांबला.

“पोरगी बरी हाय ना, वहिनी?”

“बरी आहे,” नेत्रा म्हणाली.

तो मान हलवून पुढे गेला. ती स्कूटरपाशी पोचली, चावी लावली, तेव्हा मागून कोळीण हाका मारत आली. बोंबील घेऊन पैसे दिले होते, आणि पिशवी तिथेच पाटीवर राहिली होती.