दगडाबाईचं मागणं

धनश्रीच्या दुखण्याचं कारण शोधायला घरच्यांनी सहा वर्षांत नेवासा पालथा घातला, नगर पालथं घातलं, अंगारे-धुपारे करून झाले, तेलं चोळून झाली. रिपोर्टांची पिशवी इतकी फुगली की तिचे बंद दोनदा तुटले. आणि रिपोर्ट काय म्हणत? सगळं नॉर्मल! पण कारण जिला पक्कं ठाऊक होतं ती दगडाबाई, पोरीची सख्खी आई, या सहा वर्षांत एकदाही दवाखान्याची पायरी चढली नव्हती.

कारण म्हणजे काय, तर हे दुखणं तिनेच मागून आणलं होतं. निदान तिची तरी तशी बालंबाल खात्री होती.

झालं होतं असं. नवरा भिमाजी वारला आणि वर्ष फिरायच्या आत धनश्रीला पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीचं पत्र आलं. पोरगी हरखली. मोठ्या भावाने, कल्याणने पेढे वाटले. दगडाबाईला मात्र पेढा गोड लागेना. कल्याण आणि सून दिपाली वाईट नव्हती, पण त्यांचं बोलणं त्यांच्यातच संपायचं. दगडाबाईच्या डोक्याला तेल घालणारी, मूठभर शेंगा पुढ्यात घेऊन तिच्याशी तासभर बोलणारी एकटी धनश्री. ती गेली म्हणजे भिंतीशीच बोलायचं. म्हणून एका मंगळवारी बाई गुपचूप मरीआईला गेली, लाल फडक्यात नारळ गुंडाळून देवळापुढच्या चिंचेला बांधला आणि म्हणाली, “आई, माझ्या पोरीला घर सोडू दिऊ नको. तुला साडीचोळी नेसवीन, पुरनाचा निवद दावीन.” आणि येताना मेथीची जुडी घेऊन घरी आली.

अकराव्या दिवशी सकाळी धनश्रीला अंथरुणातून उठता येईना. कंबर धरली होती. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता पुण्याला हजर व्हायची तारीख निघून गेली. पोरगी घरातच राहिली. मरीआईने मागणं शब्दशः पुरवलं.

नवस पावला की फेडायचा, ही रीत. पण दगडाबाईची इथेच पंचाईत झाली. फेडायचा म्हणजे देवीपुढे पुरणपोळी ठेवून हात जोडायचे. कशाबद्दल? पोरगी कण्हते याबद्दल? आणि न फेडावा तर देवी कोपणार, आणि कोप निघणार तोही पोरीवरच. हिरवी साडी घेऊन ठेवली, ती पेटीत तशीच पडून राहिली. एकदा तर ही बाई मागणंच मागे घ्यायला निघाली. नारळ सोडवून आणावा म्हणून चिंचेखाली गेली, तर फांद्यांना चाळीसेक नारळ, सगळे लालच फडक्यात. आपला कुठला? तिने तीन सोडले. मग मनात आलं, यातला एखादा कुणाच्या आजारी लेकरासाठी बांधलेला असला तर? घाईघाईने तिन्ही परत बांधले आणि पदराने तोंड पुसत घर गाठलं.

तेव्हापासून ती पोरीवर डोळा ठेवून असायची. चूक ज्याच्या हातून झाली त्याला ती सारखी जाऊन बघितल्याशिवाय राहवत नाही. धनश्री पहाटे कितव्यांदा कूस बदलते, दुधाची गाडी येऊन गेली तरी तिची पाठ कशी लाकडासारखी असते, मग हळूहळू उठून झाडलोट करायला लागली, पाणी भरायला लागली की तासा-दीड तासाने कशी मोकळी होते, आणि दुपारी पडली की पुन्हा कशी आखडते, हे सगळं दगडाबाईला तोंडपाठ होतं. वर्षातून एकदा पोरीचा एक डोळा लालभडक होऊन दुखायचा, उजेड सहन व्हायचा नाही, तेही तिने ध्यानात ठेवलं होतं.

आणि नेमक्या याच गोष्टींवरून कल्याण बहिणीला टाकून बोलायचा. “काम करताना बरी, आन् झोपली की दुखतं? आसलं कुठं दुखनं आसतं व्हय? डॉक्टर म्हनत्यात आराम कर, तर म्हनती आरामानं वाढतं. नाटकं हायेत सगळी. नोकरी नको, लगीन नको.” दिपाली मान डोलवायची. अशा वेळी धनश्री आईकडे बघायची. दगडाबाई परातीत बघायची आणि भाकरी थापत राहायची. बोलावं तर कल्याण विचारणार, तुला गं एवढी खात्री कशी? आणि मग ते चिंचेचं बाहेर येणार. त्यापेक्षा गप्प बरं. अशी सहा वर्षं गेली हो! भाकरी थापण्यात!

परवा दिवाळीनंतर नगरमधल्या एका वाताच्या डॉक्टरीणबाईंचं नाव कळलं. नंबर मिळाला त्या दिवशीच कल्याणचा कांदा मार्केटला जायचा होता. तो म्हणाला, “आई, या बारीला तूच जा हिच्यासंगं. आसंबी काय निघनार हाय?” दगडाबाईने गुडघ्याचं निमित्त काढून पाहिलं, पण चाललं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ. त्यांनी रिपोर्टांची पिशवी बाजूला सारली आणि धनश्रीलाच विचारलं, “काय होतं?”

“कंबर दुखते,” धनश्री म्हणाली आणि थांबली. जास्त सांगितलं की नाटक ठरतं, हे ती आता शिकली होती.

“आराम केला की बरं वाटतं?”

धनश्रीने मान खाली घातली. खरं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते तिने किती खोल्यांत पाहिलं होतं. दगडाबाईला ते पोरीचं खाली गेलेलं डोकं बघवेना.

“न्हाई वो बाई,” ती एकदम म्हणाली. “आरामानं वाढतं तिचं.” आणि मग धरण फुटल्यासारखी बोलत सुटली. पहाटेची कूस, दुधाची गाडी, दीड तास, दुपारची झोप, लाल डोळा. कुठल्या महिन्यात कुठला डोळा, तेसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. धनश्रीला झोपवून कमरेच्या खाली दोन्ही बाजूंना दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, “हा मणक्यांचा आणि कमरेच्या सांध्यांचा वात आहे. तो विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने उतरतो. डोळा लाल होतो तोही त्याच्यामुळेच. नेहमीच्या एक्स-रे फोटोत बरेचदा दिसत नाही. एक रक्ताची तपासणी करू, सांध्यांचा एमआरआय करू, पण मला फारशी शंका नाही. यावर औषधं आहेत.”

“म्हणजे खरंच हाय मला काहीतरी?” धनश्रीने विचारलं, आणि तिथेच ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.

“आजी, हे इतकं बारीक आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतंत?” डॉक्टरीणबाईंनी दगडाबाईला विचारलं.

“मी कंदी आलेच न्हाई,” दगडाबाई म्हणाली.

“सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंत, तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं,” डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर दगडाबाईला बरं वाटलं असतं.

तारकपूरच्या स्टँडवर नेवाशाची गाडी लागली होती. दोघी बसल्या. वाटेत शेंडी गावाची चढण आली तेव्हा धनश्री म्हणाली, “तुला समदं म्हाईत हुतं.”

मग दगडाबाईने सांगितलं. चिंच, नारळ, मागणं, पेटीतली साडी, काही ठेवलं नाही. “माझ्यापायी झालं गं तुझं. मीच मागितलं. मला लई पाप लागलं,” म्हणताना तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. पोरगी आता शिव्या देईल, नाहीतर गळ्यात पडेल, असं तिला वाटलं.

धनश्री तिच्याकडे बघत राहिली. “मरीआईचं ऱ्हाऊ दे, आई,” ती म्हणाली. “नारळ बांधून कुनाची कंबर धरत न्हाई. मला तू ठिवून घ्यायचं म्हनलीस, त्याचाबी मला राग न्हाई. पन दादा मला नाटकी म्हनायचा, वहिनी हसायची, तवा मी तुझ्याकडं बघायचे. तुला म्हाईत हुतं मी खोटं बोलत न्हाई. समद्या जगात तुला एकटीला म्हाईत हुतं. शेवटी शेवटी तर मलाच वाटायला लागलं, आपन नाटक करतोय की काय. आन् तू गप.”

सहा वर्षं दगडाबाई ज्या पापाला भीत होती ते पाप तिचं नव्हतंच. तिचं होतं ते हे गप्प राहणं, आणि ते तिने रोज सकाळ-संध्याकाळ केलं होतं. यावर कुठल्या देवीला काय वाहायचं, ते तिला सुचेना.

तेवढ्यात धनश्रीचा मोबाईल वाजला. कल्याण. तिने तो आईच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

“काय म्हनले डॉक्टर?” कल्याण विचारत होता. “काय न्हाईच निघालं आसंल.”

“निघालं रं. मनक्याचा वात हाय तिला. नाटक न्हाई ते,” दगडाबाई पदराआडून म्हणाली.

“आँ? ऐकू येईना. मोठ्यानं बोल.”

गाडी खच्चून भरली होती. समोरच्या बाकावर त्यांच्याच गावचा सूर्यभान बसला होता, दोन सोयरे उभे होते. दगडाबाई उभी राहिली. एका हाताने दांडी धरली.

“म्या म्हनते, नाटक न्हाई!” ती ओरडली. “तिला खरंच दुखतं! पयल्या दिवसापासनं दुखतंय!”

सगळी गाडी वळून बघायला लागली. कल्याण म्हणाला, “आन् तुला काय म्हाईत, पयल्या दिवसापासनं?”

“मला म्हाईत हुतं,” दगडाबाई म्हणाली, तितक्याच मोठ्याने. “म्हाईत आसून मी बोलले न्हाई.”

फोन बंद करून ती खाली बसली. धनश्रीचं तोंड अजून खिडकीकडेच होतं. दगडाबाईने तिच्या हाताकडे हात नेला, आणि तो धरायचा आपल्याला काय हक्क, म्हणून परत आपल्या मांडीवर ठेवला.