कोंबडीची साक्ष

“चिरा की आपा, बघत काय बसलात?” तुर्सुनॉय सुनेकडे बोट दाखवत खेकसली. “विषच निघणार. ह्या भवानीनेच घातलंय!”

मरहाबो आपाने मेलेली कोंबडी उताणी केली. छातीचं हाड वर आलेलं, शेपटाखाली हगवण वाळलेली. बत्तीस वर्षं सरकारी कुक्कुटपालन केंद्रात तिने कोंबड्यांची विष्ठा भिंगाखाली पाहिली होती. गाव तिला मागून ‘शिटवाली’ म्हणायचं, आणि कोंबडीने मान टाकली की तिचंच दार ठोठावायचं. पण तिच्या सुरीवर कुणाचा संसार आजवर टांगला नव्हता.

अकरा कोंबड्यांतल्या सात गेल्या होत्या. मुलगा रशियात कामाला, घरात सासू-सून दोघीच. आठवड्यापूर्वी सुनेने, गुलचेहराने, कापसावरच्या फवारणीचा डबा धुतला, तेवढं निमित्त पुरलं. “आज कोंबड्या, उद्या मी!” सासूने गल्लीभर केलं आणि तिला घेऊन जायला तिच्या भावाला बोलावलं. इकरोम फाटकाशी मान खाली घालून उभा होता. शेजारणी भिंतीवरून डोकावत होत्या.

“आपा, जे असेल ते सांगा,” गुलचेहरा म्हणाली. “पण मोठ्याने सांगा.”

आपाने सुरी उचलली. खरंच विष निघालं तर? पोरीला जन्माचा डाग लागायचा, आणि तोही आपल्या तोंडून!

गळ्याची पिशवी रिकामी. कसला वास नाही. काळीज ठीक. आतडं मात्र बोटांना टणक लागलं. तिने ते उभं चिरलं, तसा शेवयांसारखा पांढरा गुंता बाहेर आला.

“जंत!” आपा ओरडलीच. “आतडं तुंबलंय जंतांनी. विषबिष काही नाही! विषाने कोंबडी दिवसात आडवी होते, अशी महिनाभर झिजत नाही.”

“माझ्या अंगणात जंत? चाळीस वर्षं कोंबड्या पाळतेय मी!”

“आजारी पडली की काय करता?”

“मरायच्या आत कापते. मेलेली खायला हराम, तशी होऊ देऊ होय?”

“आणि आतडी?”

“बारीक करून बाकीच्यांना टाकते. फुकट कशाला…”

तुर्सुनॉयच्या वयाचा मान राखून आपाने गप्प बसायला हवं होतं. राहवलं नाही. “म्हणजे जंतांची अंडी तुम्हीच अंगणभर पेरलीत. ती मातीत पिकली, आणि त्याच मातीत बाकीच्यांनी चोच मारली.”

भिंतीवरची डोकी एकेक करून खाली गेली. तुर्सुनॉयने डोक्याचा रुमाल सारखा केला. “बरं, झालं ते झालं. इकरोम, चहा पिऊन जा. सूनबाई, चूल पेटव.”

आपाला हायसं वाटलं. वाचली बिचारी!

गुलचेहराने कोमट पाण्याची झारी आणली आणि नखांतलं रक्त जाईपर्यंत आपाच्या हातांवर धार धरली. पुसायला टॉवेल दिला. मग सासूसमोर, लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी करतात तसा, कमरेत वाकून सलाम केला.

“दादा, चल,” ती म्हणाली, आणि भावाच्या पुढे होऊन फाटकाबाहेर पडली.

“अगं, पण चूल…” तुर्सुनॉय म्हणाली.

उरलेल्या चार कोंबड्यांच्या पाण्यात जंतांचं किती औषध घालायचं, ते आपाने तिला दोनदा सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं.